कोट आधी उलटा करा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. तुमची लेक सप्टेंबरात कॅनडाला शिकायला निघाली आहे. तिच्यासाठी 'कॅनडा गूझ' कंपनीचं पार्का जॅकेट, म्हणजे टोपीचं जाड थंडीचं जॅकेट, ऑनलाइन एकाकडे २४ हजारांत मिळतंय. विकणारा म्हणतो, एकदाच घातलंय, बिल हरवलंय. दुसरी गोष्ट, सासऱ्यांनी १९८२ साली लंडनहून आणलेला 'बर्बरी'चा कोट घरात ट्रंकेत पडून आहे. पुण्याच्या भाच्यानं लेबल बघितलं आणि तो डुप्लिकेट ठरवला. आता तो बोहारणीला देऊन टाकू का, असं तुम्ही विचारताय.

दोन्हींचे फोटो मी नीट पाहिले. कोट बोहारणीला देऊ नका, आणि जॅकेटचे पैसे पाठवू नका. का ते सविस्तर सांगतो, कारण हाच घोळ घेऊन दर महिन्याला कुणी ना कुणी माझ्याकडे येतं.

मी सोलापुरात ३४ वर्षं कटिंग मास्टर म्हणून काम करतोय. वडील चादरीच्या मागावर होते. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आमच्या पूर्व भागातल्या बहुतेक पद्मशाली विणकर घरांसारखंच. मी मागावर न बसता कात्री धरली. पहिली बारा वर्षं शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात, मग ब्लेझर आणि कोट, आणि गेली पंधराएक वर्षं जास्त काम अल्टरेशनचं. आपल्या गावात जाड कोटाला काम नाही, भर थंडीतल्या गड्ड्याच्या यात्रेतसुद्धा एक स्वेटर पुरतो. तरी कोट येतात. पुण्याहून, हैदराबादहून, परदेशातून सुट्टीला आलेली पोरं बाह्या आखूड करायला टाकून जातात. बाही आखूड करायची तर अस्तर उसवावं लागतं, आणि अस्तर उसवलं की कोट कुठं आणि कसा शिवलाय ते लपत नाही.

एक गोष्ट मनात पक्की धरा. नक्कल करणाऱ्याकडेही चांगली मशीन असते आणि हाताखाली चांगला कारागीर असतो. पण जे गिऱ्हाइकाला दिसणार नाही, त्यावर खर्च करायचं त्याला काही कारणच नसतं. म्हणून छातीवरचा बिल्ला, बटणावरचं नाव, मानेचं लेबल तो हुबेहूब करतो, आणि अस्तराच्या आत, काखेत, खिशाच्या तळाशी, खालच्या दुमडीत पैसे वाचवतो.

सोलापूरकराला हे नवीन नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी यात्रेत आणि हायवेच्या कडेला 'सोलापुरी, सोलापुरी' म्हणून भलताच माल विकला जातो. वडील गिऱ्हाइकाला चादर आधी उलटीच दाखवायचे. जकार्ड मागावर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली आपली चादर दुपदरी. वर नक्षी लाल आणि जमीन पिवळी असेल, तर खाली नक्षी पिवळी आणि जमीन लाल. दोन्हीकडे फूल तितकंच रेखीव. छापून काढलेली चादर उलटी केली की फूल फिकट पडलेलं दिसतं, नाहीतर दिसतच नाही. कोट बघतानाही मी तेच करतो. दुकानात आलेला कोट आधी उलटा करतो, टेबलावर पसरतो, आणि मग लेबलाकडे जातो.

भाच्याची चूक इथंच झाली. तो लेबलापासून सुरू झाला आणि तिथंच थांबला. तुमच्या कोटाच्या लेबलावर 'बर्बरीज' असं आहे, म्हणजे नावाच्या शेवटी एक 'एस' जास्त. त्याला ती स्पेलिंगची चूक वाटली. खरी गोष्ट उलट आहे. थॉमस बर्बरी यांनी १८५६ साली इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावात दुकान काढलं, १८७९ साली गॅबर्डीन हे पावसाला दाद न देणारं कापड तयार केलं, आणि पुढे कित्येक दशकं कंपनीच्या कोटांवर 'बर्बरीज' हेच नाव होतं. तो 'एस' गेला १९९९ साली. म्हणजे १९८२च्या कोटावर 'बर्बरीज' हेच बरोबर. त्यावर नुसतं 'बर्बरी' असतं तर मी चमकलो असतो. त्यानंतर २०१८ साली नावाची अक्षरं बदलली, २०२३ साली पुन्हा बदलली आणि घोड्यावरच्या शिलेदाराचं जुनं चिन्ह परत आलं. एकाच कंपनीची इतकी लेबलं असताना मोबाईलवर आजचं लेबल काढून ते ट्रंकेतल्या कोटाशी ताडून बघणं म्हणजे आजोबांचा फोटो नातवाशी जुळत नाही म्हणून आजोबा खोटे ठरवणं.

अर्थात 'बर्बरीज' असं लिहिलेलं लेबल नकलीलाही लावता येतं. म्हणून मी तुमचे उरलेले सहा फोटो जास्त वेळ पाहिले.

त्यातला अस्तराचा फोटो सगळ्यात बोलका आहे. बदामी जमिनीवर काळ्या, पांढऱ्या आणि लाल रेघांचा चेक. पाठीच्या मधल्या शिलाईवर बोट ठेवून बघा. डावीकडची काळी रेघ शिलाई ओलांडून उजवीकडे सरळ जाते, तुटत नाही. बगलेच्या शिलाईतही आडव्या रेघा एकमेकींना भेटतात. हे वाटतं तितकं सोपं नाही. युनिफॉर्मच्या कारखान्यात मुलींच्या चेक्सच्या पिनाफोरचा (बिनबाह्यांच्या फ्रॉकचा) ले टाकताना, म्हणजे कापायला कापडाचे थर अंथरताना, मी हेच शिकलो. चेक जुळवायचा तर तुकडे हवे तिथे बसवता येत नाहीत. प्रत्येक तुकडा रेघ बघून सरकवावा लागतो आणि मध्ये कापड वाया जातं. शिवाय कापताना थर जरा सरकला तरी सगळी मेहनत पाण्यात. साध्या कापडाला जितकं लागतं त्यापेक्षा बरंच जास्त कापड आणि कितीतरी जास्त वेळ. तेही अस्तराला, जे कोट घातल्यावर कुणाला दिसत नाही! नकलीत बाहेरच्या खिशावर चेक जुळवलेला मी पाहिलाय, कारण तो समोर असतो. अस्तराच्या बगलेत जुळवलेला चेक मात्र आजवर एकाही नकलीत पाहिला नाही.

दुसरा फोटो पट्ट्याच्या बकलाचा. बकल चामड्यानं मढवलंय आणि ते चामडं वाळून तडकलंय. तुम्ही लिहिलंय, 'बकल खराब झालंय म्हणून शंका आली'. ताई, ते कसं खराब झालंय ते बघा. खरं चामडं तडकतं तेव्हा भेगेत तंतू दिसतात, कोरड्या जमिनीला भेग पडावी तसं. रेक्झिनच्या भेगेत तंतू नसतात, त्याचे बहुतेकदा पापुद्रे निघतात आणि खाली जाळीचं कापड उघडं पडतं. तुमच्या फोटोत पापुद्रा कुठंच नाही.

तिसरं, अस्तराची चुणी. कोट उलटा करून अस्तराच्या पाठीत, मानेपासून खाली, मधोमध बोट फिरवा. तिथं बोटभर कापड घडी घालून सैल सोडलेलं असतं. माणूस हात पुढे करतो, स्टिअरिंग धरतो, मूल उचलतो, तेव्हा पाठ रुंदावते. बाहेरचं कापड थोडं ताणलं जातं, अस्तर ताणलं जात नाही, म्हणून ही चुणी उघडते. खालच्या दुमडीलाही अस्तर घट्ट ओढून न शिवता थोडा झोळ ठेवलेला असतो. नकलीत अस्तर बाहेरच्या मापावरच कापतात. चुणी नाही, झोळ नाही.

अशाच एका कोटाची गोष्ट सांगतो. आपल्याच गावचा एक मुलगा, बाहेर नोकरीला. पहिल्या पगारवाढीत वडिलांसाठी मोठ्या नावाचा लोकरी ओव्हरकोट घेऊन आला. एका मोठ्या शहरातल्या चकचकीत दुकानातून, चाळीस हजार रुपये रोख देऊन. वडिलांना बाह्या लांब होत होत्या. मी अस्तर उसवलं. खांद्याच्या पॅडमध्ये रंगीबेरंगी चिंध्यांचा चुरा दाबून भरलेला. काखेतल्या कडा ओव्हरलॉक न करता तशाच सोडलेल्या, धागे मोकळे. बाहीचं अस्तर इतकं तोकडं की एकदोनदा घातल्यावर काखेत फाटायला सुरुवात झाली होती. बाहेरून बघाल तर बटणावर नाव अगदी कोरीव. तो मुलगा स्टुलावर बसून होता, काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, 'मास्तर, बाबांना सांगू नका.' मी नवीन पॅड घातले, काखेतल्या कडा बांधल्या, अस्तरात वीतभर पट्टी जोडली. वडील अजून तो कोट घालतात. पण त्या दिवसापासून मी ठरवलं, कुणीही विचारलं तरी वेळ काढून सांगायचं.

आता बाकीच्या खुणा भराभर सांगतो, कारण त्या एकट्यानं कधीच पुरेशा नसतात.

टाके. टेप लावून एका इंचात किती टाके बसलेत ते मोजा. चांगल्या कोटाच्या जोडशिलाईत साधारण १० ते १२ दिसतात, घाईच्या मालात ६-७. जाड कापडावरची वरची शोभेची शिलाई विरळ असू शकते, त्यामुळे संख्येपेक्षा मी एकसारखेपणा बघतो. कोपऱ्यावर वळताना टाका लहान-मोठा झाला, शिलाई कडेपासून कधी जवळ कधी लांब गेली, तर मशीनवरचा माणूस नगावर पैसे मिळवणारा होता हे कळतं.

काज. काजाच्या आतून कापडाचे तंतू दाढीसारखे बाहेर आलेत का बघा. आधी काज घालून मग पातं मारलं आणि पातं बोथट असलं की असं होतं. बटणाच्या खाली दोऱ्याची मान गुंडाळलेली हवी, म्हणजे बटण कापडावर दबून बसत नाही. शिंगाची बटणं हाताला गार लागतात, आणि एका कोटावरची दोन बटणं एकमेकांसारखी नसतात, रेषा वेगळ्या असतात. प्लॅस्टिकच्या बटणांवर शिंगाची नक्षी असते, पण सगळ्या बटणांवर तीच.

चेन. वायकेके ही जपानी कंपनी १९३४ सालची, आणि 'वायकेके दिसलं म्हणजे माल खरा' असा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. चेनवर ती तीन अक्षरं उमटवायला नकलवाल्याला काहीच लागत नाही. उलट कितीतरी महागडे कोट इटलीच्या लॅम्पो किंवा स्वित्झर्लंडच्या रिरी चेनने बनतात, तिथं वायकेके नसणं हेच बरोबर. चेन वाचू नका, ओढा. एका बोटानं, कोट न धरता. दाते अडखळले, खरखरले, की समजा.

लेबलावरची टक्केवारी. बेरीज करा. हसू नका, ७० टक्के लोकर, २० टक्के नायलॉन आणि २० टक्के कश्मिरी असं लेबल माझ्या हातात आलंय. अमेरिकेत विकलेल्या बऱ्याच कपड्यांवर 'आरएन' आणि पुढे आकडा असतो, कॅनडातल्या बऱ्याच कपड्यांवर 'सीए' आणि आकडा. हे नंबर त्या त्या सरकारच्या नोंदीत असतात आणि इंटरनेटवर फुकट शोधता येतात. नंबर टाकल्यावर भलत्याच कंपनीचं नाव आलं तर प्रश्न मिटला.

लोकर की पॉलिस्टर, हे जाळून कळतं, पण कोट जाळायचा नाही. आतल्या शिलाईच्या मार्जिनमधून एक धागा ओढून घ्या, चिमट्यात धरा, खाली ताटली ठेवा आणि ज्योतीला लावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की विझते, आणि उरलेला काळा मणी बोटात चुरगळतो. पॉलिस्टर वितळतं, आकसतं, आणि मागे टणक मणी उरतो, तो नखानं फुटत नाही. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख मऊ पडते. कश्मिरी म्हणून विकलेल्या कितीतरी मफलरींचा निकाल माझ्या टेबलावर असा एका धाग्यात लागलाय.

अनेकजण सांगतात की छातीत कॅनव्हास, म्हणजे आकार धरायला आत शिवलेला जाड कापडाचा थर, असेल तरच कोट खरा. हे अर्धवट आहे. खालच्या काजाखाली बाहेरचं कापड आणि अस्तर चिमटीत धरून अलगद वेगळं करा. मध्ये तिसरा, मोकळा थर सरकताना जाणवला तर कॅनव्हास आहे. बाहेरचंच कापड पुठ्ठ्यासारखं लागलं तर फ्यूजिंग आहे, म्हणजे आतला थर गोंदानं चिकटवलाय. पण आज मोठमोठ्या नावांचे कितीतरी कोट फ्यूजिंगचेच असतात. म्हणून कॅनव्हास मिळाला तर तो खऱ्याच्या बाजूचा पुरावा धरा, न मिळाला म्हणून खोटं ठरवू नका. फ्यूजिंग नीट झालंय का ते मात्र बघा. लेपलवर, म्हणजे कॉलरखाली छातीवर वळलेल्या पट्टीवर, उन्हात तिरकी नजर टाका. फोडासारखे बुडबुडे दिसले तर गोंद सुटतोय.

इथं थोडं विषयांतर करतो, कारण ही गोष्ट आपल्या गावाच्या जवळची आहे. इटलीची मॅक्स मारा कंपनी लोकरीच्या कोटांसाठी नावाजलेली. त्यांचा १०१८०१ नंबरचा कोट १९८१ साली अॅन-मारी बेरेटा यांनी काढला आणि अजून चालतो. या घराण्यातल्या काही कोटांना अस्तरच नसतं, कारण कापड दुपदरी असतं. दोन थर एकत्र विणलेले, मध्ये बारीक धाग्यानं बांधलेले. शिवताना कारागीर कडेला दोन थर हातानं सोडवतो, दोन्हींच्या कडा आत वळवतो आणि हातानंच टाका घालून बंद करतो. त्यामुळे शिलाई बाहेरूनही दिसत नाही आणि आतूनही नाही. पहिल्यांदा असा कोट टेबलावर आला तेव्हा मी घरी जाऊन वडिलांना दाखवला. त्यांनी कड अंगठ्यानं चोळून बघितली आणि म्हणाले, 'हे तर चादरीचंच बांधणं.' खरंच तसं. नकलीत हे दोन थर विणलेले नसतात, एकमेकांवर चिकटवलेले असतात. कड चिमटीत धरून दोन बाजूंना ओढा. विणलेल्या कापडात थर सुटताना मधले बारीक धागे दिसतात. चिकटवलेल्यात गोंदाची चकाकी दिसते, आणि एकदोन ड्रायक्लीननंतर तर फुगे येतातच.

आता जॅकेटकडे येऊ. इथं विषय नुसत्या पैशांचा नाही, लेकीच्या अंगावर थंडीत काय असणार त्याचा आहे. म्हणून मी जास्त कडक बोलतोय, राग मानू नका.

कॅनडा गूझ ही टोरोंटोची कंपनी, १९५७ सालची. त्यांची पिसं भरलेली जॅकेटं कॅनडातच शिवली जातात. बाहीवरचा गोल बिल्ला म्हणजे उत्तर ध्रुवाचा नकाशा आणि लाल मेपलची पानं. २०११पासून त्यांच्या जॅकेटच्या आत, शिलाईत एक होलोग्रामचं लेबल बसवलेलं असतं, त्यात पांढरं अस्वल. लेबल तिरकं केलं की चित्र बदलतं. तुम्हाला आलेल्या नऊ फोटोंत बिल्ल्याचे चार फोटो आहेत आणि आतल्या बाजूचा एकही नाही. मला पहिली शंका इथं आली. ज्याच्याकडे खरा माल आहे तो आतलं आधी दाखवतो.

बिल्ल्याचा फोटो मोठा करून बघा. मेपलच्या पानाला टोकदार दाते हवेत, इथं पानं लाल ठिपक्यांसारखी गोळा झालीत. दोन अक्षरांच्या मधून उडता दोरा गेलाय. भरतकाम करणाऱ्या मशीनवर एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना दोरा कापावा लागतो. कापायला वेळ लागतो म्हणून घाईचा कारखाना तो तसाच सोडतो. चांगल्या कारखान्यात असा बिल्ला तपासणीतच बाजूला पडतो.

टोपीच्या फरबद्दल तुम्ही विचारलंत की, 'फर नाही म्हणून खोटं का?' नाही. कंपनीनं २०२१ साली फर बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि २०२२च्या अखेरीस फर लावलेली जॅकेटं बनवणं थांबवायचं ठरवलं. त्यामुळे फर नसणं ही शंकेची खूण नाही. फर असेल तर फुंकर मारून बुंधा बघा. खऱ्या फरच्या बुडाशी मऊ दाट लव आणि खाली कातडी दिसते, खोट्याच्या बुडाशी विणलेलं कापड.

जॅकेट हातात आलं तर सगळ्यात भरवशाची परीक्षा भरणीची. पोटाजवळचा एक कप्पा दोन तळव्यांत धरा आणि अर्धा मिनिट तसंच थांबा. बदकाची किंवा हंसाची मऊ पिसं असतील तर तळवे गरम व्हायला लागतात. मग मूठ घट्ट आवळा आणि सोडा. चांगली भरण फुगून वर येते. गोळा धरला, कोपऱ्यात सरकला, किंवा देठ टोचले तर आत कापलेल्या पिसांचा चुरा नाहीतर पॉलिस्टरचा कापूस आहे. कॅनडात बऱ्याच ठिकाणी थंडी उणे वीस-पंचवीसच्या खाली जाते. तिथं बसथांब्यावर वीस मिनिटं उभं राहिल्यावर भरण गोळा झालेली असली आणि चेन अडकलेली असली तर बिल्ला ऊब देत नाही.

दुसऱ्या कंपन्यांची सोय वेगळी असते. मोंक्लेअरच्या जॅकेटांमध्ये २०१६पासून आत एक चिप आणि कोड असतो, मोबाईलनं वाचून कंपनीच्या पानावर तपासता येतो. पण एक जपा. कोड छापलेला आहे आणि स्कॅन केल्यावर काहीतरी पान उघडतं, एवढ्यावर थांबू नका. नकलवालेही हुबेहूब दिसणारं पान बनवतात. पत्ता आपण स्वतः टाकून कंपनीच्या पानावर जायचं आणि मग कोड घालायचा. कॅनडा गूझच्या संकेतस्थळावरही एखादी दुकानाची साइट खरी की खोटी ते तपासायची सोय आहे.

किंमत. नवीन पार्का एक हजार कॅनेडियन डॉलरच्या वरच असतो. वापरलेला निम्म्यात मिळू शकतो, त्यामुळे २४ हजार ऐकून मी लगेच खोटं म्हणणार नाही. पण त्याच विक्रेत्याच्या पानावर हाच 'एकदाच वापरलेला' पार्का तीन मापांत आणि पाच रंगांत आहे. एका माणसाकडे वापरून झालेले पंधरा पार्के कुठून आले? बाजारात यालाच फर्स्ट कॉपी म्हणतात, मिरर कॉपी म्हणतात, 'एक्सपोर्ट सरप्लस' म्हणतात. सरप्लस नावाचा खरा मालही असतो. परदेशी ऑर्डरीतून उरलेला, लेबल कापलेला, एखादा डाग किंवा चुकलेली शिलाई असलेला. त्याच्या लेबलाला कात्री लागलेली असते. लेबल झगझगीत, टॅग लटकलेला, डबा नवा आणि वर 'सरप्लस', असं नसतं.

कायद्याचंही सांगून ठेवतो. खोटं नाव लावलेला माल विकणं हा ट्रेडमार्क कायदा १९९९ खाली गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. फसलात तर ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार करता येते. विक्रेत्याचे मेसेज, फोटो आणि पैसे पाठवल्याची पावती जपून ठेवायची. पण थेट यूपीआयवर अनोळखी माणसाला पाठवलेले पैसे परत मिळवताना लोक किती फिरतात ते मी बघितलंय.

आता तुम्ही करायचं काय ते सांगतो. विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागा. आतल्या होलोग्रामचा तिरका करून काढलेला छोटा व्हिडिओ, धुण्याच्या लेबलाचा सीए नंबरासकट फोटो, आणि जॅकेट आतून बाहेर करून काखेच्या शिलाईचा फोटो. शेजारी आजचं वर्तमानपत्र ठेवायला सांगा, म्हणजे इंटरनेटवरचे उचललेले फोटो येणार नाहीत. तीनही आले आणि नीट असले तर मला परत दाखवा. 'उद्या पाठवतो, पण दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आधी टोकन टाका' असं उत्तर आलं तर विषय सोडा. माझा अंदाज विचाराल तर हे टोकनचंच उत्तर येईल. तसंही सप्टेंबरात तिकडे बर्फ नसतो. लेकीला तिथं पोचू द्या, ऑक्टोबरात तिथल्याच दुकानात अंगाला लावून जॅकेट घेऊ द्या. मोठं नाव नसलेली, तितकीच उबदार जॅकेटं तिथं मिळतात, आणि तिथल्या लोकांना थंडी कळते.

आणि सासऱ्यांचा कोट. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढा, दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टांगा, ऊन देऊ नका. पेटीत ठेवताना डांबराच्या गोळ्या कापडाला चिकटू देऊ नका, फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवा. बकलाला चामड्याचं क्रीम बोटानं लावा, पॉलिश नको. फोटोत त्याचा खांदा रॅगलन दिसतो, म्हणजे बाही मानेपासून निघते, खांद्याची शिलाई नाही. असा कोट थोडा मोठा असला तरी बाईमाणसाच्या अंगावर चांगला बसतो. कॅनडातल्या ऑक्टोबरच्या पावसात, आत एक स्वेटर घालून, तुमच्या लेकीला हा कोट उत्तम चालेल. बाह्या लांब होतील. लेकीला घेऊन या, मी मनगटापाशी अस्तर उसवून बाही आत दुमडीन, कापणार नाही. जास्तीचं तीन-चार बोटं कापड आतच राहील, पुढे कुणाचे हात लांब असले तर सोडता येईल.